चार्जर काढून ठेवले तरी करंट बिल दोनशेच्या वरच: कुठं मुरतंय ते कसं शोधलं

आमच्या घरात यंदा उन्हाळ्यापासनं एकच रड चालू होती. एप्रिलचं बिल २०३ युनिट, मेचं २०७, जूनचं २११. म्हणजे लई काय नव्हे, दोनशेच्या जरा वर, पण ते जरा वरच नडतंय ना. आम्ही बेळगावात, म्हणजे कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत. २०२३ च्या जुलैपासनं ही योजना चालू झाली आणि दोनशे युनिट फुकट असं सगळे बोलतात, पण त्यात मेख आहे, प्रत्येक घराचा हक्काचा आकडा वेगळा असतोय. २०२२-२३ सालात तुमच्या घरी महिन्याला सरासरी किती युनिट जळले ते बघून त्यावर १० टक्के जास्त धरतात. आमची सरासरी १६८, म्हणजे १८४ च्या आसपास फुकट. त्याच्या वर पण दोनशेच्या आत राहिलं तर वरच्या तेवढ्या युनिटांचे पैसे, आणि दोनशे ओलांडलं की मग पहिल्या युनिटापासनं सगळं बिल, शिवाय फिक्स चार्ज, शिवाय टॅक्स. एप्रिलला ३ युनिटापायी दीड हजाराच्या वर गेले, आणि आईनं ते आठवडाभर सगळ्या गल्लीला सांगितलं.

तिकडं चंदगडला आमची मावशी आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली आमच्याकडं शंभरलाच रडायची पाळी येते. खरं आहे, महावितरणचा पहिला टप्पा १०० युनिटांचा, तो संपला की पुढच्या युनिटांना दर जास्त. पण तिथं वरच्या युनिटांनाच जास्त दर लागतो, आमच्यासारखं एका युनिटापायी अख्खं बिल अंगावर येत नाही. म्हणून इथं १०-१५ युनिट कुठं मुरतात हे शोधण्याला फार किंमत आहे. दुसरीकडं त्याचे पाऊणशे-शंभर रुपये होतात, इथं पंधराशे.

तर आईला कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की रिकामे चार्जर करंट खातात. झालं. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे चार्जर बोर्डातनं काढून एका स्टीलच्या डब्यात, डबा फडताळात. पोरगी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे, तिचा फोन कायम चार टक्क्यावर, ती ओरडायची, मी ओरडायचो, फोन चार्ज करायचा तर आधी डबा शोधा. महिनाभर हे नेमानं चाललं आणि बिल आलं २११, सगळ्यात जास्त. आई माझ्याकडं बघायला लागली जणू मीच रात्री उठून जाळलोय.

मी उद्यमबागातल्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मोटर आणि पॅनल हेच रोजचं काम, आणि घरचं बिल बघायला मला तीन महिने लागले. असो. पहिला हिशोब कागदावर केला. कुठलीही वस्तू १ वॅट खात असेल आणि चोवीस तास महिनाभर चालू राहिली तर ०.७२ युनिट होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सारखा लागणार आहे. आता हल्लीचा मोबाईलचा चार्जर, फोन न लावता नुसता बोर्डात असला तर वॅटचा दहावा हिस्सा, फारतर दोन-तीन दहावे हिस्से घेतो. आमचे चार चार्जर मिळून एक वॅट धरा, तेही सढळ हातानं. म्हणजे आईनं महिनाभर डबा सांभाळून पाऊण युनिटसुद्धा वाचवलं नाही.

चार्जरमध्ये एक अपवाद आहे, तो सांगतो. जुना, हातात घेतला तर वीट उचलल्यागत जड लागणारा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला. आमच्या आज्जीच्या रेडिओचा एलिमिनेटर तसला होता. असले दोन-तीन वॅट आरामात खातात, काही न जोडता. ओळखायला सोपं, तासभर नुसता लावून ठेवा आणि हात लावून बघा, कोमट लागला की तो खातोय. थंडगार असला तर सोडून द्या, त्याच्यामागं लागू नका.

मग खातंय कोण? इथं बरेच जण अंदाज बांधत बसतात, फ्रीज असेल, पंखा असेल, मीटरच पळतंय. अंदाज सोडा, मीटरला विचारा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारकी लाल लाईट टकटक करत असते. तिच्याजवळ किंवा मीटरच्या पाटीवर १६००, ३२०० किंवा ६४०० असा आकडा आणि पुढं 'इम्प पर केडब्ल्यूएच' असं छापलेलं असतं, म्हणजे लाईट तितक्या वेळा लुकलुकली की एक युनिट. आमच्यावर ३२००. आता दोन लुकलुकण्यांमध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, त्या घडीला घर किती वॅट घेतंय ते निघालं. १६०० वालं मीटर असेल तर २२५० ला भागा, ६४०० वालं असेल तर ५६२ ला. एकदाच मोजू नका, दहा वेळा लुकलुकायला किती लागले ते बघून दहानं भागा, चूक कमी होते. मीटरला हात लावायचा नाही, सील बघायचंसुद्धा नाही, नुसतं लांबनं मोबाईलचं स्टॉपवॉच लावून उभं राहायचं.

हे करायचं रात्री, सगळं बंद करून. पंखे, लाईट बंद, फ्रीजचा प्लग वीस मिनिटं काढायचा, कारण फ्रीजचा कॉम्प्रेसर मध्येच चालू मध्येच बंद होतो आणि सगळा हिशोब घोटाळतो. गिझर बंद, मोटर बंद. बाकी रोज झोपताना घर जसं असतं तसंच ठेवायचं, चार्जर पण लावलेले राहू देत, कुठलं बटण मुद्दाम बंद करायचं नाही. अजून एक, त्या दिवशी करंट जाऊन आला असेल तर इन्व्हर्टर बॅटरी भरत असतोय, तेव्हा मोजलं तर भलताच आकडा येतो, बॅटरी भरून तीन-चार तास झाल्यावर मोजा. जूनच्या शेवटी एका रात्री अकराला मी जिन्याखाली स्टूल टाकून बसलो. आतनं आई, "काय करूलास रे तिथं अंधारात, उकडूलंय की, पंखा लाव तेवढा." वरनं समोरच्या काकू गॅलरीत, त्यांना वाटलं कोणतरी शिरलाय.

दर १४ सेकंदाला एक. ११२५ भागिले १४, ८० वॅट. घरात एक दिवा नाही, पंखा नाही, फ्रीज नाही, आणि ८० वॅट! त्याला ०.७२ नं गुणा, महिन्याचे जवळजवळ ५८ युनिट. म्हणजे आमच्या बिलातला चौथा हिस्सा आम्ही झोपलो तरी आणि घराबाहेर असलो तरी रात्रंदिवस जळतच होता.

पुढं सोपं आहे, एक एक वस्तू काढायची आणि परत मोजायचं. पोरगीला आत उभी केली, मी ओरडायचो, ती बटण बंद करायची. आधी कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, गल्लीत दोन वर्षांमागं चोरी झाली तेव्हा बसवलेला, दोन कॅमेरे. तो बंद केला तर १४ चे १८ सेकंद झाले, म्हणजे १८ वॅट गेले, महिन्याचे १३ युनिट. मग इन्व्हर्टर. इथं नीट लक्ष द्या, इन्व्हर्टरचा नुसता मेन बंद केला तर तो बॅटरीवर जाऊन घर चालवायला लागतो, म्हणून आधी त्याचं स्वतःचं पुढचं बटण बंद करायचं, मग भिंतीवरचं. १८ चे थेट ३४ सेकंद. २९ वॅट! मी दोनदा मोजलं. भरलेल्या बॅटरीला नुसतं टिकवून धरायला इतकं लागत नाही.

मग टीव्हीचा बोर्ड. टीव्ही नवा आहे, स्टँडबायला एक वॅटच्या आत. हे आपोआप झालेलं नाही बरं, १९९९ ला इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीनं एक वॅटची मर्यादा मांडली, पुढं युरोपानं २०१० पासनं स्टँडबायला एक वॅट आणि २०१३ पासनं अर्धा वॅट असा नियमच केला, आणि कंपन्या जगभर तेच सर्किट विकतात म्हणून आपल्या घरातले नवे टीव्ही कमी खातात. पण टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स! तो काढल्यावर ३४ चे ५१. ११ वॅट. आई रोज रात्री रिमोटनं बंद करते, लाल लाईट लागते, तिच्या लेखी बंद. तसं नसतं. रिमोटनं बंद केल्यावर बऱ्याच बॉक्सांमध्ये नुसतं टीव्हीला चित्र जायचं थांबतं, आतलं ट्यूनर आणि बाकी सगळं जागंच असतं, छतावरच्या डिशच्या तोंडालासुद्धा तोच बॉक्स करंट पुरवत असतो. रात्री दोनला बॉक्सवर हात ठेवून बघा, टीव्ही बघताना जितका गरम तितकाच गरम. हे मी आईला हात लावायला लावूनच पटवलं, बोलून पटलं नसतं.

बाकीचं पटापट सांगतो. वायफायचा डबा ८ वॅट. डासांच्या औषधाचं मशीन ५, ते दिवसासुद्धा चालू राहायचं कारण त्याचं बटण कपाटामागं, महिन्याचे साडेतीन युनिट आणि औषध वायलंच. कॉम्प्युटरचा यूपीएस ७ वॅट, कॉम्प्युटर पोरगीनं दिवाळीपासनं चालू केलेला नाही, लॅपटॉप आल्यापासनं, पण यूपीएस आपला इमानेइतबारे बॅटरी भरत बसलाय. एवढं सगळं काढल्यावर उरले टीव्ही आणि चार चार्जर, आणि लाईट पंधरा मिनिटं बघितलं तरी हललीच नाही.

ह्याचा अर्थ चार्जर शून्य खातात असा काढू नका. प्रत्येक मीटरला एक किमान करंट लागतो, त्याच्या खाली ते मोजायलाच सुरुवात करत नाही. एक-दोन वॅट एकटेच असले तर कदाचित दिसणारच नाहीत, पण इतर वस्तूंच्या सोबतीनं चालले तर मोजले जातात. मी शंभरचा जुना बल्ब लावून त्यावर चार्जर चढवून फरक मोजायचा प्रयत्न पण केला, पण आमच्याकडं रात्री व्होल्टेजच इतकं वरखाली होतं की चार्जरचा फरक त्यात बुडून गेला. बाराला बायकोनं आत बोलावलं, म्हणाली उद्या फर्स्ट शिफ्ट आहे म्हणून.

आता काय केलं ते. डीव्हीआर तसाच ठेवला. १३ युनिट जातात, जाऊ देत, आई त्याच्याशिवाय झोपत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी उघडून बघितली तर तीन खणांत पाणी प्लेटच्या खाली, टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलेलं. पाणी घातलं, टर्मिनल गरम पाण्यानं धुऊन ग्रीस लावलं, आठवड्यानं मोजलं, आकडा २९ चा २६ झाला, बस्स. बॅटरी सहा वर्षांची होती, लाईट गेली की अर्धा तास पण टिकत नव्हती, म्हणजे पाणी संपलेल्या घोड्याला चारा घालत होतो आम्ही. जुलैत बदलली, आता १५ वॅट. नुसती बिलासाठी बॅटरी बदला असं मी म्हणणार नाही, ते पैसे बिलातनं वसूल व्हायला वर्षं जातील, पण बॅकअप पण देत नसेल आणि गरम पण होत असेल तर तिला ठेवून काही मिळत नाही. आणि करंट वाचवायला म्हणून इन्व्हर्टर महिनेच्या महिने बंद ठेवू नका, लेड ॲसिड बॅटरी न भरता पडून राहिली तर खराब होते.

सेट टॉप बॉक्ससाठी खरा उपाय सुताराचा निघाला. बटण शोकेसच्या मागं, तिथं हात घालायचा तर आधी गणपतीची मूर्ती आणि दोन फोटो हलवायचे, कोण करणार रोज? आम्ही एक स्विचवाला एक्स्टेन्शन बोर्ड आणून शोकेसच्या पुढच्या कडेला स्क्रूनं बसवला, टीव्ही आणि बॉक्स दोन्ही त्याच्यावर. आता रिमोट ठेवताना तेच बटण बंद करायचं. आईची तक्रार एवढीच की सकाळी भजनं लागायला दोन मिनिटं उशीर होतो. माझं सरळ मत आहे, ज्या बटणापर्यंत हात जात नाही ते बटण कुणी बंद करत नाही, कितीही सांगा. डासांच्या मशीनचं पण तेच, दुसऱ्या बोर्डावर आणलं की झालं. यूपीएस काढून भंगारात. वायफाय रात्री झोपताना बंद, मात्र कॅमेरे बाहेरनं मोबाईलवर बघायचे असतील तर तेवढ्या वेळात दिसणार नाहीत, हे धरून चाला.

हिशोब केला तर इन्व्हर्टरचे १०, बॉक्सचे ६, यूपीएसचे ५, मशीनचे २, वायफायचे पावणेदोन. २५ च्या आसपास. जुलैचं बिल १७९. त्यातलं सगळं श्रेय माझं नव्हे, पाऊस लागला होता आणि पंखे बंद होते.

बिल वाचायचं म्हणून सांगतो, ते कन्नडात असतं, आम्ही शाळेत कन्नड घेतलं म्हणून जमतं, पण ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी, 'इंदिन मापन' म्हणजे आजचं रीडिंग, 'हिंदिन मापन' म्हणजे मागचं, आणि 'बळके' म्हणजे वापर. इंदिन आणि हिंदिन ह्यात एका अक्षराचा फरक, आमच्या शेजारचे एक मामा वर्षभर उलटं वाचून मीटर मागं चाललंय म्हणत होते. बळके पुढचा आकडा बघा, बाकी राहू दे.

मग ऑगस्टला परत १९६. मी म्हटलं आता काय. बटणं सगळी वेळच्या वेळी बंद होत होती, मी स्वतः बघत होतो. पहिला संशय गिझरवर गेला, कारण पावसाळ्यात बंब पेटवायला आईला ओली लाकडं मिळतात आणि मग सगळे गिझरवर येतात. १५ लिटरचा गिझर, २ किलोवॅटचा, एकदा पाणी तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, अर्धा युनिट. पण बटण चालूच राहिलं तर पाणी थंड झालं की तो आपोआप परत तापवतो, परत तापवतो, कोण अंघोळ करो न करो, आणि रोजचं अर्धं-पाऊण युनिट नुसतं हवेत जातं. ते पण होत होतंच थोडं, पोरगीचं काम. पण त्यानं एवढं वाढणार नव्हतं.

परत स्टूल, परत जिना. ह्या वेळी सगळेच्या सगळे प्लग काढले, इन्व्हर्टर पण, डीव्हीआर पण. लाईट लुकलुकतेच आहे. दर ६० सेकंदाला एक. १९ वॅट, आणि घरात काहीच जोडलेलं नाही. शिवाय मीटरवर 'अर्थ' असं लिहिलेली दुसरी लाईट आहे, ती पेटलेली. माझ्या पोटात गोळा आला, कारण हा बिलाचा प्रश्न राहिला नव्हता.

असं झालं तर काय करायचं ते नीट वाचा. मेन एमसीबी खाली पाडा. त्यानंतर पण लाईट लुकलुकत असेल तर दोष मीटर आणि एमसीबीच्या मधल्या वायरमध्ये किंवा मीटरमध्ये आहे, तिथं आपण हात घालायचा नाही, वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला लेखी द्यायचं. थांबली, तर दोष घरच्या वायरिंगमध्ये. आमची थांबली. मग एक एक सर्किटचा एमसीबी वर करत गेलो, तिसरा वर केला की लुकलुक चालू. तो गच्चीचा. गच्चीवर तुळशीजवळच्या बल्बासाठी कुणीतरी कधीकाळी ओढलेली वायर, पाइपात जोड, जोडावर नुसती टेप, आणि तीन आठवडे बेळगावचा पाऊस. पाइपात पाणी साचून करंट ओल्या भिंतीत उतरत होता. त्याच भिंतीला टेकून आई वाती वळत बसते. इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट बघतं आणि जो जास्त असेल त्यावर युनिट लावतं, त्यामुळं भिंतीत गेलेला करंट पण आपल्याच बिलात येतो. पण बिल एक वेळ परवडलं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी लायसन्सवाल्या वायरमनला बोलावून ती वायर काढून टाकली आणि ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की आपोआप पडणारं बटण, बसवून घेतला, जो आधी बसवलेला असता तर पहिल्याच दिवशी पडला असता. मी स्वतः पॅनलची कामं करतो आणि स्वतःच्या घरात आरसीसीबी नव्हता, आता बोला.

त्याच नादात अजून एक सापडलं, ते करंटचं नव्हेच, पाण्याचं. संपातनं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतनं, वरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर १ एचपीची, चालताना एक किलोवॅटच्या आसपास घेते. ती रोज चाळीस मिनिटं चालत होती, पूर्वी वीस पुरायची. संडासाच्या फ्लशच्या टाकीतनं पाणी बारीक धारेनं रात्रंदिवस वाहत होतं. वॉशर बदलला, झालं.

प्लग काढायचा की नुसतं बटण बंद करायचं, हे पण लोक विचारतात. बिलासाठी बटण पुरतं, आपल्याकडं प्रत्येक सॉकेटला बटण असतं ती चांगली सोय आहे. पण काही जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर जोडलेलं असतं, फेजवर नव्हे. बटण बंद केल्यावर सॉकेटमध्ये टेस्टर पेटला तर तसं समजायचं. युनिट पडत नाही पण वस्तूत करंट हजर असतो, ते वायरमनकडनं बदलून घ्या. आणि एप्रिल-मे मध्ये वळीव येतो तेव्हा मात्र प्लग हातानं ओढून काढायचा, बटणावर भागत नाही, वीज पडली तर बटणातल्या त्या बारक्या फटीतनं उडी मारायला तिला काही अडचण नसते. टीव्हीचा प्लग, डिशची केबल, वायफायची वायर, सगळं. चार्जर काढून डब्यात ठेवायचं खरं कारण हे आहे, ते पण वळवाच्या चार तासांपुरतं.

आणि हो, जत्रेत-बाजारात तो पॉवर सेव्हरचा डबा मिळतो, बोर्डात लावा आणि बिल निम्मं. मी एक उघडून बघितलाय. आत एक कपॅसिटर, एक एलईडी, आणि वजन यायला म्हणून थोडं काहीबाही. घरगुती बिल युनिटावर होतं, तो डबा ज्याच्याशी खेळतो त्याचा घरच्या बिलाशी संबंधच नाही, उलट त्याची एलईडी आपल्याच करंटवर पेटते.

सप्टेंबरला १७६ आलं. आता रीडिंग आई घेते, दर रविवारी, कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी, म्हणजे महिना संपायच्या आधीच कळतं की आकडा कुठं चाललाय. पंधराव्या दिवशी ९५ च्या वर दिसलं की घरात आवाज चढतो.

हे सगळं बघून समोरच्या काकूंनी पण बोलावलं, "आमचं पण जरा बघ की रे, नुसतं वाढूलंय." त्यांचं मीटर ६४०० वालं. फ्रीजचा प्लग काढला, सगळं बंद केलं, आणि लाईट दर चार सेकंदाला एक, म्हणजे १४० वॅट. अर्धा तास शोधत होतो, बोर्ड झाले, इन्व्हर्टर झाला, काही नाही. शेवटी मागच्या खोलीत गेलो तर तिथं पडद्याआड पूर्वीचा जुना फ्रीज, घुर्र घुर्र चालू. नवा घेतला तेव्हा हा मागं नेऊन लावलेला. उघडला तर आत दोन बरण्या लोणचं आणि एक कुंद्याचा डबा, तो पण निम्मा. मी म्हटलं काकू, हेच की. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "ते राहू दे रे, सणासुदीला उपेगी पडतंय. दुसरं काय सापडतंय काय बघ."